बोलिंगही त्याचीच, अंपायरही तोच: नवीन डंजन मास्टर्स गाइड घ्यावं का?

डंजन्स अँड ड्रॅगन्सचं 2024 चं डंजन मास्टर्स गाइड घेऊन मला आता बरेच महिने झाले. घेतल्या घेतल्या रिव्ह्यू लिहिला असता तर चित्रं काय झकास आहेत यापलीकडे काही लिहिता आलं नसतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आमच्याकडे शनिवारी रात्री पाच जण जमतात, त्यातला डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी, आणि पुस्तकावर चहाचे तीन गोल डाग पडलेत, म्हणजे आता मत द्यायला हरकत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. टेबलाभोवती बसून तोंडी गोष्ट रंगवायची आणि काय जमलं, काय फसलं ते फाशांवर ठरवायचं. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, कोणी जादूगार, कोणी चोर, आणि एक जण डीएम म्हणजे डंजन मास्टर, बाकीच्या गेम्समध्ये त्यालाच गेम मास्टर म्हणतात. उरलेलं अख्खं जग तो चालवतो. राक्षस त्याचे, गावातला सावकार तोच, पाऊस कधी पडणार तेही तोच ठरवणार, आणि वर नियमावरून वाद झाला की निकाल पण त्याचाच. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंगवाल्यांचा अंपायर असला की किती भांडणं होतात ते आठवा, इथे तर बॉल टाकणाराच बोट वर करतो. तरी 1974 पासून लोक हे खेळतायत. आणि पहिल्या त्या छोट्या पुस्तिकांमध्ये या माणसाला चक्क रेफरीच म्हणलेलं होतं, मास्टर वगैरे नंतर आलं.

तर या माणसाची सत्ता नक्की कुठवर, हे डीएमच्या पुस्तकाने सांगायला पाहिजे की नाही? याच गाइडच्या 2014 च्या जुन्या पुस्तकात ते होतं, पण आठव्या प्रकरणात. पहिलंच प्रकरण होतं स्वतःचं विश्व उभं करा. मी तेव्हा अगदी नवीन, इमानदारीत पहिल्या पानापासून सुरू केलं, देव ठरवले, देवांची भांडणं ठरवली, नकाशे काढले, दोन वह्या भरल्या. पहिल्या सेशनला प्लेयर्स खानावळीत शिरले आणि खानावळवाल्याशी रश्श्याच्या भावावरून पाऊण तास घासाघीस करत बसले, देवांचं कोणी नाव पण काढलं नाही आणि मला पुढे काय करायचं ते सुचेना.

नवीन पुस्तकात हा क्रम बदललाय आणि माझ्या मते पैसे इथेच वसूल. 384 पानांचं पुस्तक आहे, पहिलं प्रकरण डीएम म्हणजे काय, दुसरं टेबल कसं चालवायचं, विश्व वगैरे नंतर. कोण काय करतं, रोल, म्हणजे फासे टाकणं, कधी मागायचा आणि कधी नुसतं हो म्हणायचं, कोणाला काय नको आहे ते आधीच कसं विचारायचं, हे सगळं सुरुवातीला. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी भरायचा अपेक्षांचा एक फॉर्म पण दिलाय. आम्ही भरला. एकीने लिहिलं कोळी नकोत, जाळी विणणारे ते. मी तिसऱ्या सेशनसाठी कोळ्यांची अख्खी गुहा तयार केली होती, गपचूप खेकडे करून टाकले, उलट ते जास्त मजेदार झालं.

आता ज्या पानासाठी मी हे पुस्तक कोणालाही रेकमेंड करीन ते पान. आमच्यात एक जण आहे त्याला आम्ही वकील म्हणतो, तो खरा मेकॅनिकल इंजिनियर. नेटवर एक जुना जोक फिरतो तो त्याने एकदा सिरियसली टेबलावर आणला. 2000 गावकरी एका रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने आपल्या टर्नला ठरवून ठेवायचं की भाला हातात आला की पुढच्याला द्यायचा, आणि शेवटच्याने तो ड्रॅगनवर फेकायचा. नियमानुसार हे सगळं एका राउंडमध्ये होतं आणि राउंड म्हणजे 6 सेकंद. माणसागणिक 5 फूट धरले तर भाला 6 सेकंदात 10,000 फूट गेला, म्हणजे आवाजापेक्षाही फास्ट, सबब ड्रॅगन मेला पाहिजे. मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून दाखवलंन. मी चाळीस मिनिटं भांडलो, बाकीचे तोपर्यंत भेळ खाऊन मोकळे.

नवीन पुस्तकात ही युक्ती जवळजवळ जशीच्या तशी घेऊन सांगितलंय की हे चालू देऊ नका, नियम खेळ रंगवण्यासाठी आहेत, त्या जगाचं फिजिक्स सांगायला नाहीत. शिवाय नियम समजून घेताना सगळ्यांची दानत साफ असेल हे गृहीत धरलंय, असंही म्हणलंय. आणि खरं सांगायचं तर वकिलाचं लॉजिक तसंही अर्धवट होतं, भाला पोचेपर्यंत तो नियमाने चालला आणि लागताना एकदम न्यूटनकडे वळला. नियमानेच जायचं तर शेवटच्या गावकऱ्याने फेकलेल्या भाल्याचं डॅमेज एक सहा बाजूंचा फासा, बास, ड्रॅगनला गुदगुल्या. हे मला त्या रात्री सुचलं असतं तर भेळ मिळाली असती.

सत्ता वापरायची कशी यावर या खेळाची जुनी पुस्तकं फार वेगळी होती हं. 1979 च्या डीएमच्या पुस्तकात गॅरी गायगॅक्स, म्हणजे या खेळाच्या जनकांपैकी एक, त्रास देणाऱ्या प्लेयरसाठी उपाय सांगतो की आकाशातून निळी वीज पाडा डोक्यावर, नाहीतर त्याच्या कॅरेक्टरचा करिश्मा एका पॉइंटने कायमचा कमी करा. म्हणजे माणूस टेबलावर त्रास देतोय आणि शिक्षा त्याच्या जादूगाराला. वाचायला धमाल येते पण करून बघू नका, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एका डीएमने असलं काहीतरी केलं होतं आणि ते कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी ती सलग गोष्ट, त्या रात्रीच संपलं. नवीन पुस्तकाचा सूर सरळ आहे, खेळ थांबवा आणि त्या माणसाशी माणसासारखं बोला.

फासे लपवण्याचा विषय पण निघायलाच हवा, कारण त्यात मी स्वतः पकडला गेलोय. 2014 च्या पुस्तकात लिहिलेलं आहे की डीएमसमोर आडोशाला उभा करतात त्या पडद्यामागे रोल केलात तर निकाल थोडा इकडेतिकडे करता येतो, फक्त वारंवार करू नका आणि कळू देऊ नका. मी ते मनावर घेतलं. माझा लाडका व्हिलन दुसऱ्याच राउंडला मरायला आला तेव्हा तीन वेळा सलग वाचवला त्याला. तिसऱ्या वेळी ती कोळीवाली नुसतं म्हणाली, "पडदा काढ ना जरा." काढला. वीस बाजूंच्या फाशावर फक्त 4. कोणी ओरडलं नाही, पण पुढचे दोन-तीन शनिवार माझ्या प्रत्येक रोलनंतर एक सेकंद शांतता व्हायची आणि ती शांतता मला अजून लक्षात आहे. तेव्हापासून मी उघड्यावर रोल करतो, पडदा फक्त नकाशा झाकायला.

नवीन गोष्टींमध्ये बॅस्टियन आवडलं. पाचव्या लेव्हलपासून प्लेयर्सना स्वतःची गढी मिळते, तिच्यात लायब्ररी हवी का लोहारशाळा हवी का बाग ते त्यांनी ठरवायचं, नोकरचाकर त्यांचे, हुकूमही त्यांचेच. खेळातले सात दिवस गेले की गढीची टर्न येते. डीएमच्या जगाचा एक तुकडा प्लेयरच्या नावावर करून दिल्यासारखं आहे हे, आणि गंमत म्हणजे बाकी वेळ मोबाइल बघणारा आमचा एक मेंबर स्वतःच्या माळ्याचं नाव, गाव, बायकोशी झालेलं भांडण सगळं सांगत बसतो. त्या दहा मिनिटांत मी चहा टाकून येतो.

खटकलेल्या गोष्टी. स्वतःचा राक्षस शून्यातून बनवायचा तर जुन्या पुस्तकात सविस्तर तक्ता होता, इथे आहे त्या राक्षसात थोडे फेरफार करा एवढंच, त्यामुळे जुनं पुस्तक कपाटातून काढावं लागतं. ग्रेहॉक नावाचं या खेळातलं जुनं तयार जग आणि त्याचा नकाशा छान आहे पण मी तरी वापरला नाही. जादूच्या वस्तूंनी बरीच पानं खाल्लीत, ज्यांना आवडतं त्यांना आवडेल. आणि डीएमलाही नियमांनी बांधून ठेवणारे गेम्स आहेत, उदाहरणार्थ 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये गेम मास्टर स्वतः फासे टाकतच नाही आणि त्याने काय तत्त्वाने वागायचं ते नियमातच लिहिलंय, तेवढी हिंमत इथे नाही. इथे सगळा सल्ला आहे, पाळला तर पाळला.

छापील किंमत 49.99 डॉलर आहे, आपल्याकडे येईपर्यंत स्वस्त काही राहत नाही. पहिल्यांदा डीएम होणार असाल तर घ्या, ग्रुपने वर्गणी काढून घ्या, एकट्याने कशाला. जुनं पुस्तक असेल आणि दहा वर्षं टेबल चालवत असाल तर आधी कोणाचं तरी मागून पहिली दोन प्रकरणं वाचा आणि मग ठरवा. नुसते प्लेयर असाल तर गरज नाही, वकील असाल तर अजिबात घेऊ नका.

माझी कॉपी सध्या घरी नाहीये. कोळीवाली घेऊन गेली, पुढच्या शनिवारपासून डीएम ती. पडदा पण मागितलान. मी हाफलिंग, म्हणजे या खेळातल्या बुटक्या जमातीतला, चोर बनवलाय आणि वकील दोन हजार गावकऱ्यांचा विषय परत काढणार आहे असं ऐकतोय.