टेम्परेचर गन: काही महिने रोज वापरल्यानंतर

इलेक्ट्रिक मोटारींची बेअरिंगं, पॅनलमधले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड), गिअरबॉक्स, असं सगळं तपासायला, हात न लावता अवरक्त किरणांवरून तापमान मोजणारी गन गेले काही महिने रोज वापरात आहे. ती १२:१ ची (हे अंतराचं प्रमाण, पुढे सांगतो) आणि एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती अवरक्त किरण सोडतो तो आकडा, बदलता येणारी आहे. वस्तू उत्तम आहे. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा समोरच्या पृष्ठभागामुळे, नाहीतर गन लांबून धरल्यामुळे.

सगळ्यात मोठा घोळ चकचकीत धातूचा. स्टीलच्या एकपदरी इलेक्ट्रिक किटलीत पाणी उकळवा आणि ०.९५ च्या सेटिंगवर बाहेरून गन धरा. आत खळखळ उकळतंय आणि स्क्रीनवर ४५ च्या आसपास! पॉलिश केलेलं स्टील स्वतः फार कमी अवरक्त किरण सोडतं, आजूबाजूचे मात्र आरशासारखे परत फेकतं, म्हणून गनला बरीचशी खोलीच दिसते. त्याच जागी काळी इन्सुलेशन टेप हवेचा बुडबुडा न ठेवता चिकटवा, मिनिटभर तापू द्या, आकडा नव्वदीपार जातो. एमिसिव्हिटी ०.१५ वर आणून हेच साधेल असं वाटतं, पण तेव्हा परावर्तनाची चूकही तितकीच फुगते आणि तुम्ही जागा बदललीत की आकडा बदलतो. टेपच बरी. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या वर फार वेळ टिकत नाही. तिथे सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा हीटप्रूफ रंग लावा. बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) टेप लावायची ती शटडाऊनमध्येच, चालू लाइनवर हात घालू नका.

रंगवलेल्या मोटारीला यातलं काही लागत नाही. राखाडी असो की पांढरा, ऑइलपेंट ०.९ च्या वरच असतो. अपवाद चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचा.

आता अंतर. १२:१ म्हणजे एक मीटरवरून गन जवळपास ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देते. २ सेंटिमीटरचा लग तिथून मोजलात तर मागची थंड प्लेटही त्यात मिसळते आणि ढिला जोड बिनधास्त पास होतो. मोजायची जागा वर्तुळाच्या दुप्पट असावी, म्हणजे अशा लगसाठी १२ सेंटिमीटरवर यावं लागतं. तेवढं जवळ जाणं सुरक्षित नसेल तर ५०:१ ची गन घ्या. लेसर फक्त नेम धरायला असतो, मोजते ती लेन्स. एक लेसरवाल्या गनमध्ये लेन्स त्याच्या खाली असल्याने जवळून मोजताना ठिपका खऱ्या जागेच्या थोडा वर पडतो.

पॅनलच्या ॲक्रिलिकमधून मोजू नका, ॲक्रिलिकचंच तापमान मिळतं. एसीतून बॉयलरजवळ गेलात तर गनला अर्धा तास द्या.

गन बरोबर दाखवते का, या तपासणीला उकळतं पाणी नको, वाफ लेन्सवर बसते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भांड्यात काठोकाठ भरा, ढवळा, १५ सेंटिमीटरवरून मोजा. शून्याच्या दोन अंश वर-खाली चालेल, कारण अशा गनची अचूकताच ±२ अंश किंवा ±२ टक्के, जे जास्त असेल ते, अशी असते. ३०० अंशांवर हीच चूक ६ अंशांची होते.

म्हणूनच एकट्या आकड्यापेक्षा फरकावर माझा भरवसा जास्त. तिन्ही फेजच्या लगवर सारखी टेप, सारखं अंतर, आणि क्लॅम्प मीटरने करंट सारखा आहे याची खात्री. मग एक लग बाकी दोघांपेक्षा १५ अंश गरम निघाला तर पुढच्या शटडाऊनमध्ये तो उघडून साफ करा आणि टॉर्क रेंचने आवळा.

०.९५ वर कायमची बांधलेली स्वस्त गनही टेपसोबत चांगली चालते. कपाळावर धरायची ताप मोजायची गन मात्र या कामाला घेऊ नका, तिची रेंज साधारण ३२ ते ४२ अंशांचीच असते.