दापोलीतलं सुभेदार काकांचं पेन्शनचं दुकान: पाचातले चार स्टार

आधीच सांगते, दुकानाला बोर्ड नाही. बाजारपेठेत एका झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत एक रिटायर सुभेदार बसतात, महार रेजिमेंटचे, आणि फौजेच्या पेन्शनची कागदपत्रं करून देतात. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि भिंतभर फायली. मंडणगडपासून हर्णैपर्यंत कुणालाही विचारा, सुभेदार काकांकडे जायचंय म्हटलं की रस्ता दाखवतात. नेटवर यांचा एकही रिव्ह्यू नाही म्हणून मीच लिहितेय, जरा लांबेल, पण ज्यांच्या घरात फौजेचं पेन्शन येतं त्यांना उपयोग होईल.

आमची केस अशी की सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईत होते, २०२४ ला गेले. त्यांचं पेन्शन थांबलं आणि सासूबाईंचं फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवं होतं ते होईना. कारण काय तर रेकॉर्डमधे बायकोचं नाव सुनंदा आणि आधारकार्डावर वत्सला. आता कोकणात कुणाला हे समजावून सांगायला नको, लग्नात नाव बदललं, नवऱ्याने पलटणीत नवीन नाव लिहून दिलं, आणि इकडे शाळेचा दाखला, मतदार यादी, आधार सगळीकडे माहेरचंच चाललंय. पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही, माणूस गेल्यावर अडलं. आम्ही आधी गावातल्या एका नेटवाल्याकडे गेलो, त्याने पैसे घेतले, काहीतरी अपलोड केलं, आणि 'होईल आपोआप' म्हणाला. काही झालं नाही.

काका पहिल्यांदा पैशाचं काही बोललेच नाहीत, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, दाखवा म्हणाले. ते बुक म्हणजे आमच्या घरातलं एक प्रकरणच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मागच्या पडवीचे पत्रे गेले आणि सासऱ्यांची काळी ट्रंक रात्रभर पावसात राहिली. बुक वाळवलं पण पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरून निळे ढग झालेत. काकांनी स्टीलची पट्टी घेतली, एकेक पान खालून हळू सोडवलं, टेबललॅम्प तिरका धरला आणि भिंगातून फॅमिलीचा रकाना वाचला. तिथे सासूबाईंच्या नावापुढे जन्मतारीखच नव्हती. मला तर ते कळलंही नसतं. काका म्हणाले, "सूनबाई, नावाचं काम होईलच, पण ही तारीख आत्ता लावून घ्या, ऐंशी झाल्यावर रडाल."

ते ऐंशीचं गणित असं. ८० पूर्ण झाले की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला डबल. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. पण सरकारच्या कागदावर बाईचं वयच नसेल तर सिस्टीमला ती ऐंशीची झाली हे कळणार कुठून? काकांच्या मते आपल्याकडे कितीतरी आज्या नव्वदीला आल्यात आणि त्यांना हा वाढीव पैसा माहीतच नाही.

मग त्यांनी क्रम लिहून दिला: दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा पुरावा, ग्रामपंचायतीचा दाखला, हे सगळं रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे, मग बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस, तिथून दुरुस्ती प्रयागराजला. प्रयागराज म्हणजे जिथून सगळ्या हिंदुस्थानच्या फौजींचं पेन्शन मंजूर होतं ते पीसीडीए. रत्नागिरीला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे काकांनी दोन सेट करून, टाचण्या न लावता, पानांवर पेन्सिलने नंबर टाकून दिले. तिथल्या क्लार्कने एकही कागद परत केला नाही, यावरून काय ते समजा. वेळ लागला, महिने लागले, पण झालं. मागची रक्कमही आली.

रक्कम किती येणार हेही त्यांनी आधीच कागदावर काढून दिलं होतं. आमच्याकडे सगळे म्हणत होते की नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं. तसं नाहीये. पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि साधं फॅमिली पेन्शन ३० टक्के, म्हणजे नवऱ्याच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के, आणि कमीत कमी ९००० अधिक महागाई भत्ता. त्यांनी काढलेला आकडा आणि आलेला आकडा जुळला.

आता जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबरमधे इथे जत्रा असते, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो तर त्यांनी तेव्हाच उरकावं. मी बसले होते तेव्हा आंजर्ल्याच्या बाजूच्या एक आजी आल्या, काजू सोलायचं काम जन्मभर केलेलं, बोटांच्या टोकांना रेषाच उरलेल्या नाहीत, चिकाने सगळी गुळगुळीत काळी झालेली. दहाच्या दहा बोटं लावून झाली, मशीन काही घेईना. आजी घाबरल्या, आता पेन्शन बंद करणार म्हणून. काकांनी त्यांना बाहेर उजेडात स्टुलावर बसवलं, मोबाईलवरच्या ॲपने चेहऱ्याचा फोटो घेतला, डोळे मिटा उघडा सांगितलं, आणि झालं. चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय २०२१ पासून आहे पण किती जणांना कुणी सांगितलंय?

आणि एक बारीक गोष्ट, जी त्या नेटवाल्याने आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत चुकवली होती आणि पेन्शन अडकलं होतं. ज्यांचं पेन्शन स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन सिस्टीमवर, गेलंय त्यांनी दाखला भरताना पेन्शन मंजूर करणारं ऑफिस आणि पैसे देणारं ऑफिस, दोन्ही ठिकाणी स्पर्श पीसीडीए निवडायचं. लोक सवयीने पैसे देणारं म्हणून आपली बँक टाकतात. दाखला तयार होतो, मेसेज येतो, सगळे खूश, आणि तो जिथे पोचायला हवा तिथे पोचतच नाही. काका हा रकाना दोनदा वाचून दाखवतात आणि मगच बटण दाबतात.

आता दुकानाची खरी गंमत, किंवा काहींना वाटेल तो त्रास. काका भाषण देतात. तुम्ही वन रँक वन पेन्शनबद्दल (म्हणजे एकाच हुद्द्याच्या, सारखी नोकरी झालेल्या फौजींना, कधीही रिटायर झाले तरी सारखंच पेन्शन) एक प्रश्न विचारा, ते फाईल काढतात आणि राज्यसभेपासून सुरू करतात. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याकडे राज्यपाल होते, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मधे ही मागणी मान्य करा असं सांगितलं. मग फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम बजेटमधे ५०० कोटी, जुलै २०१४ च्या बजेटमधे दुसऱ्या सरकारने १००० कोटी, तरी आदेश नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात म्हातारे फौजी मेडल लावून जंतरमंतरवर बसले, तेव्हा कुठे ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लागू. "बजेटात आकडा आला म्हणजे पैसा आला असं धरू नका, आदेश कुठल्या तारखेचा आणि लागू कुठल्या तारखेपासून ते बघा," हे त्यांचं पालुपद आहे.

मला सुरुवातीला कंटाळा आला, खरं सांगते, बाहेर पाऊस आणि घरी स्वयंपाक पडलेला. पण मग आमच्याच घरातली एक गोष्ट उलगडली. २०२३ ला सासऱ्यांची वन रँकची थकबाकी एकदम आली आणि त्यांच्याच पलटणीतल्या, वयाने बऱ्याच लहान असलेल्या एका मित्राला तुकड्यातुकड्यांनी, त्यावरून दोघांत केवढी चर्चा झाली होती, कुणाची तरी ओळख लागली म्हणून. तसं काही नव्हतं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मधे वेळापत्रकच घालून दिलं होतं: फॅमिली पेन्शनर आणि शौर्यपदकवाले यांना एप्रिलअखेरपर्यंत एका हप्त्यात, सत्तरीच्या वरच्यांना जूनअखेरपर्यंत, बाकीच्यांना ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी २०२४ असे तीन हप्ते. सासरे सत्तरीच्या वर होते, मित्र खाली होता. दोघेही गेले आता, सांगायचं कुणाला.

काका महार रेजिमेंटचे असल्यामुळे आणि दुकान दापोलीत असल्यामुळे इतिहासही फुकट मिळतो. दापोलीला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात, इंग्रजांच्या काळात पेन्शनर फौजी इथे वस्तीला असायचे, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही रिटायर झाल्यावर इथे राहिलेत. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, तेही रिटायर फौजीच, त्यांनी १८९४ मधे भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट झाली तेव्हा कुठे दार कायमचं उघडलं. काका म्हणतात लढाई लागली की बोलवायचं आणि संपली की घरी पाठवायचं, हे काही नवीन नाही, घरी पाठवताना हातात काय देता ते बोला. १९४६ च्या नाविकांच्या बंडाचंही ते हेच सांगतात. मुंबईला तलवार जहाजावर म्हणजे खरंतर किनाऱ्यावरच्या ट्रेनिंगच्या ठाण्यावर १८ फेब्रुवारीला संप झाला तो खराब जेवणावरून, एवढंच आपल्याला माहीत असतं, पण मागण्यांमधे लवकर मोकळं करा आणि सोडताना नीट पैसे द्या हेही होतं. या बंडानंतर ज्यांना काढलं त्यांना स्वतंत्र भारताच्या नेव्हीनेही परत घेतलं नाही.

त्याच दिवशी एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या, मुलगा अग्निवीर, सुट्टीवर आलेला. तिला विचारायचं होतं की चार वर्षांनी ह्याला कँटीन कार्ड, पेन्शन काय काय मिळेल. मला वाटलं काका सरकारवर तोंडसुख घेतील, तसं काही केलं नाही. सरळ सांगितलं, पेन्शन नाही, चार वर्षांनी सेवानिधी म्हणजे एकरकमी पैसे मिळतील, सुरुवातीला व्याजासकट साधारण ११.७१ लाख सांगितले होते, आणि जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे ठेवतील. मग मुलाकडे वळून म्हणाले, "पैसे आले की पहिली गाडी घेऊ नको रे बाबा." आई हसली, मुलगा नाही हसला.

दर विचाराल तर हयातीचा दाखला पन्नास रुपये, स्पर्शचा पासवर्ड उघडून देणं तेवढंच, नावदुरुस्तीची पूर्ण फाईल पाचशे. विधवांकडून फक्त झेरॉक्सचे घेतात. आणि एक गोष्ट मला फार आवडली, जिथे काम होणार नाही तिथे ते पैसे घेतच नाहीत. एक जण २०१६ ला स्वतःच्या अर्जावर मुदतीआधी बाहेर पडलेले, त्यांना वन रँकचा फरक हवा होता. काकांनी आदेशातली ओळ दाखवली की १ जुलै २०१४ नंतर मर्जीने आधी बाहेर पडलेल्यांना तो लागू नाही, चहा पाजला आणि परत पाठवलं. ते गृहस्थ जाम चिडले, बाहेर जाऊन झेरॉक्सवाल्याला बोलले. पण दुसरा कुणी असता तर अर्ज भरून हजार रुपये काढले असते.

पेन्शन नसलेल्यांनीही जावं. हर्णैच्या एका बाईंचे यजमान थोडी वर्षं नोकरी करून पेन्शनशिवाय आले होते, हवालदारच्या खालचे, त्यांना वाटायचं आपला फौजेशी संबंध संपला. काकांनी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचा फॉर्म भरून दिला. पासष्टीच्या वरच्या अशा बिनपेन्शनवाल्यांना आणि त्यांच्या विधवांना महिन्याला ४००० मिळायचे ते नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झालेत, मुलांच्या शिक्षणाचे १००० चे २००० आणि मुलीच्या लग्नाचे ५० हजारांचे एक लाख. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो, ७ डिसेंबरला शाळेत आपल्या छातीवर कागदी झेंडा टोचून जी वर्गणी घ्यायचे ना, तोच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचंही विचारून घ्या, २०२० पासून माजी सैनिक आणि विधवांना एका घराची माफ आहे, ग्रामसेवक आपणहून सांगत नाहीत.

आता एक स्टार का कापला. बसायला एकच बाकडं, त्याचा एक पाय हलतो आणि सगळी गिऱ्हाईकं सत्तरीची. बाथरूम नाही, बायकांनी एसटी स्टँडवर जायचं, ते कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे. दुपारी एक ते चार शटर खाली, आणि लांबून पहिल्या गाडीने आलेला माणूस साडेबाराला पोचतो. पावसात नेट गेलं की काका पुढची तारीख देतात, फोन उचलत नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं त्यामुळे ते मोठ्याने बोलतात आणि तुमचं पेन्शन किती ते झेरॉक्सच्या रांगेतल्या सगळ्यांना कळतं, हे मला अजिबात आवडलं नाही, एकदा सांगितलंही, काही फरक नाही. हाताखाली एखादं पोरगं ठेवा म्हटलं तर म्हणतात पोरं टिकत नाहीत. त्यांच्यानंतर हे कोण करणार याचा विचार त्यांनी करायला हवा, त्या फायलींत अर्धा तालुका आहे.

जाताना पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, डिस्चार्ज बुक असेल तशा अवस्थेत, दोघांची आधारकार्डं, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घरी विसरू नका, ओटीपी त्याच्यावरच येतो आणि तो फोन मुंबईला मुलाकडे असेल तर आधी त्याला सांगून ठेवा. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नोव्हेंबरचा शेवट टाळा. बुधवारी सकाळी गर्दी कमी असते. गाडी पुढे लावू नका, मच्छीवाल्या ओरडतात.