रक्ताच्या नमुन्याच्या वॉरंटवर सही कोणाची: टेक्सासच्या कायद्यावरील एका अभ्यासवर्गाविषयी

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक झालेल्या व्यक्तीच्या रक्ताचा नमुना घेण्यासाठी झडतीचे वॉरंट कोणता न्यायाधीश काढू शकतो, या एकाच प्रश्नाला वाहिलेला ऑनलाइन अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. बचाव पक्षाच्या वकिलांसाठी मी कागदपत्रे तपासतो, आणि वॉरंटवर सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, हे पाहणे माझ्या कामाचाच भाग आहे.

प्रारंभीची मांडणी उत्तम आहे. संशयिताच्या संमतीविना रक्त घेताना वॉरंट का लागते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या श्मर्बर आणि २०१३ च्या मॅकनीली निकालांच्या आधारे थोडक्यात सांगून शिक्षक थेट टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १८.०१ कडे वळतात. तेथील जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ खटले चालवणारा स्थानिक न्यायाधीश, हाही मॅजिस्ट्रेट असतो, मात्र त्या पदासाठी वकिलीची सनद आवश्यक नसते. म्हणून रक्ताच्या नमुन्यासारख्या पुराव्यासाठीची वॉरंटे सर्वसाधारणपणे जिल्हा न्यायालयाचे किंवा वैधानिक (खास कायद्याने स्थापन झालेल्या) काउंटी न्यायालयाचे (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) न्यायाधीश, अथवा सनदधारक असलेले काउंटी न्यायाधीश आणि कामकाजाची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या नगर न्यायालयांचे सनदधारक न्यायाधीश यांच्याकडूनच घ्यावी लागतात, हा भेद त्यांनी इतका नेमका उलगडला आहे की तेवढ्यासाठीही हा वर्ग ऐकावा.

पुढे मात्र घाई होते. आरोपीला अटक झालेली असून त्याने श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नाकारली असेल, तर वकिलीची सनद असलेला कोणताही मॅजिस्ट्रेट हे वॉरंट काढू शकतो, ही उपकलम (जे) मधील तरतूद सांगितली जाते, परंतु अटक आणि नकार या दोन्ही अटी वॉरंट मागताना पोलीस सादर करतात त्या प्रतिज्ञापत्रात कशा शोधाव्यात, याचे एकही उदाहरण दिलेले नाही. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. उपकलम (आय) ला तर जेमतेम दोन मिनिटे मिळतात. ज्या काउंटीत वर सांगितलेले नगर न्यायालयाचे किंवा काउंटी स्तरावरचे पात्र न्यायाधीशच नाहीत, तेथे सनद नसलेल्या मॅजिस्ट्रेटलाही हा अधिकार मिळतो, आणि विरळ वस्तीच्या भागांतील प्रकरणे हाताळणाऱ्यांना नेमकी हीच माहिती सर्वाधिक लागते.

शेजारच्या काउंटीत अशा वॉरंटची अंमलबजावणी करण्याची मुभा देणारे कलम १८.०६७ या वर्गात मुळीच आलेले नाही.