जानापावच्या संधिप्रकाशासाठी भाड्याने घेतलेली लेन्स

इंदूरमधील एका दुकानातून १४ मिमी, एफ २.८ लेन्स (रुंद दृश्य आणि कमी उजेडातही पुरेसा प्रकाश टिपणारी) आणि ट्रायपॉड भाड्याने घेऊन मी महूजवळच्या जानापाव डोंगरावर गेलो होतो. सूर्य क्षितिजाखाली १२ ते १८ अंशांवर असतो तेव्हा विंध्याची कड पुसटशी का होईना दिसत असते आणि ताऱ्यांची गर्दीही वाढू लागते. त्या थोड्या वेळात २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्येही, म्हणजे कॅमेरा इतका वेळ प्रकाश टिपत असतानाही, या लेन्सने तारे ठिपक्यांसारखेच टिपले, फक्त कोपऱ्यांत ते किंचित ताणलेले दिसले. ट्रायपॉडने मात्र निराशा केली, कारण त्याचा एक पाय हळूहळू खचत होता आणि निम्मी छायाचित्रे हलली. दुकानदारांनी त्याचे भाडे परत केले, तरी सामान देण्यापूर्वीच ते तपासायला हवे होते. लेन्स मी पुन्हा नक्की घेईन.