पीस कोअर की यूएन व्हॉलंटियर्स?
पुतणी न्यू जर्सीत वाढली, अमेरिकन नागरिक. तिला मी पीस कोअरच सुचवला, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था. १९६१ पासूनची ही सेवा २७ महिन्यांची. त्यातले पहिले साधारण तीन महिने जिथे पाठवतात त्याच देशात, बहुधा एखाद्या स्थानिक कुटुंबात राहून भाषा शिकायची. तिथली भाषा येत नसली तरी बहुधा निघता येतं. जड जातं ते सव्वादोन वर्षं घर सोडणं. आईवडिलांशी हे आधीच नीट बोलावं.

नाशिकच्या भाच्याला अमेरिकन नागरिकत्वाच्या अटीमुळे ही वाट बंद. त्याच्यासाठी यूएन व्हॉलंटियर्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम. तिथे बहुतेक परदेशी जागांना कामाचा अनुभव लागतो, म्हणून आधी नोकरीच करावी.

पिवळ्या तापाची लस सक्तीची असलेल्या देशात जायचं तर दोघांनीही ती किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात.