सॉकेट अमेरिकेतलं, सुतार ‘आपला’

सुताराने स्वतःचं काम म्हणून पाठवलेल्या फोटोत पांढरंशुभ्र रेडिएटर कव्हर होतं, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर बसवायची पेटी, वर कुंडी ठेवलेली, आणि शेजारी भिंतीवर दोन चपट्या पिनांचं सॉकेट. असलं सॉकेट इंग्लंडमधल्या बैठकीच्या खोलीत नसतं, इथे तीन जाड चौकोनी पिना लागतात. हा फोटो मी किमान दहा वेळा बघितला होता आणि दहाही वेळा कुंडीच बघितली. सॉकेट दिसलं ते पैसे गेल्यावर.

आम्ही रेडिंगला राहतो. घर लाल विटांचं, जुनं. लेक नऊ महिन्यांची झाली आणि उभं राहायला आधार शोधायला लागली. बैठकीच्या खोलीतला रेडिएटर नेमका तिच्या हाताच्या उंचीवर. आमच्या बॉयलरचं पाणी ६५ अंशांवर लावलेलं आहे, तळहात टेकवून बघा म्हणजे कळेल. हिवाळ्यासाठी साताऱ्याहून आलेली आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “अगं, हा तर उघडा तवाच आहे.”

तयार कव्हर बसत नव्हतं. रेडिएटर १२०० मिमी, पण दोन्हीकडचे वॉल्व्ह धरून १३७०, शिवाय भिंतीच्या पायाशी १५० मिमी उंचीची जुनी लाकडी पट्टी. मग मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, “कोणी सुतार आहे का?” दहा मिनिटांत नंबर आला. माणूस आपलाच. फोनवर अस्सल कोल्हापुरी: “ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. बाळाचं काम म्हणजे घरचं काम.” इथे आठ वर्षं काढल्यावर कुणी ‘ताई’ म्हटलं की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी कोटेशनसुद्धा लेखी मागितलं नाही. मागणंच कसंतरी वाटलं.

त्याने ४८० पाउंड सांगितले. ओलावारोधक एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), मापाप्रमाणे, रंगासकट. ३०० आगाऊ बँकेतून, बाकीचे काम झाल्यावर रोख, “म्हणजे तुमचा व्हॅट वाचेल.” मापं घ्यायला आला तेव्हा टेप लावला फक्त रेडिएटरला. नवरा म्हणाला, “वॉल्व्ह?” तर हसून, “साहेब, अंदाज असतो आम्हाला.”

तीन आठवड्यांचं काम सात आठवड्यांनी आलं. संध्याकाळी साडेसहाला, अंधारात, बिननावाच्या व्हॅनमधून. आतून कव्हर भरलं १३२० मिमी, हवं होतं १३७०. म्हणून त्याने आमच्यासमोरच एका बाजूची फळी कापून साध्या वॉल्व्हसाठी भोक पाडलं. आई चहा घेऊन आली, त्याने तिच्या पाया पडून आशीर्वाद घेतला, १८० पाउंड खिशात घातले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं. इथे मिळणारं ओलावारोधक एमडीएफ ओळखू यावं म्हणून सहसा आतून हिरवट असतं. कापलेली कड सरळ तपकिरी होती. वरच्या फळीखाली अर्धवट सोललेलं बारकोडचं स्टिकर. नंबर शोधला तर दुकानातलं तयार कव्हर, ७४ पाउंडांचं. पायाच्या पट्टीसाठी खाच नाही, त्यामुळे मागे बोटभर फट, आणि ते भिंतीला अडकवलेलंही नव्हतं. लेकीने धरून ओढलं असतं तर अंगावर आलं असतं.

वर खोलीही तापेना. दुसऱ्या टोकाचा थर्मोस्टॅटिक वॉल्व्ह कव्हरच्या आत कोंडला गेला होता. हा वॉल्व्ह स्वतःभोवतीची हवा मोजतो. पेटीतली हवा लगेच गरम होते, त्याला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी अडवतो. आम्ही १६ अंशांत शाली गुंडाळून बसलेलो. वायरने बाहेर काढता येणारा सेन्सर मिळतो, हे ‘अंदाज असलेल्या’ माणसाने सांगायला हवं होतं.

फोन केला तर आधी “उद्या येतो ताई”, मग “कस्टम माल परत होत नाही”, मग ब्लॉक. यातलं मधलं वाक्य नीट ऐका. घरी येऊन ठरवलेला व्यवहार १४ दिवसांत रद्द करता येतो, पण खास मापाने बनवलेली वस्तू त्यातून वगळलेली असते. म्हणजे ‘कस्टम’ हा शब्दच त्याची ढाल होता, आणि वस्तू कस्टम नव्हतीच. बँक म्हणाली, माल मिळालाय, तर ही फसवणूक नाही, तुमच्यातला वाद आहे. ३०० पाउंड क्रेडिट कार्डने दिले असते तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं. १०० पाउंडांहून महाग वस्तूंना ते लागू होतं. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जावं तर प्रतिवादीचा पत्ता हवा. आमच्याकडे त्याचा मोबाइल नंबर आणि आईने दिलेला आशीर्वाद, एवढंच.

ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोघींनी खाजगीत तोच कुंडीचा फोटो पाठवला. एकीचे २५० गेले होते. “आपल्याच माणसाबद्दल कसं लिहायचं,” म्हणून ती गप्प होती. मला राग आला, आणि मीही आठवडाभर ह्याच कारणाने थांबले होते हे आठवून जरा कमी झाला.

शेवटी आम्हीच बनवलं. १८ मिमीचा हिरवा एमडीएफ दुकानातच कापून घेतला, पत्र्याची जाळी आणली, सगळं मिळून ९५ पाउंड. उरलेली कापाकापी मास्क लावून अंगणात, कारण ती धूळ घशात बसते. खाली पूर्ण उघडं ठेवलं आणि वरच्या फळीखाली लांब फट सोडली, म्हणजे गार हवा खालून शिरून गरम वर निघते. समोरची चौकट चुंबकावर, रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढायच्या स्क्रूपर्यंत हात जावा म्हणून. बाजूच्या फळ्या लोखंडी कोनांनी भिंतीला पक्क्या. पायाच्या पट्टीची खाच पहिल्यांदा ४ मिमी चुकली, तिथे फिलर भरलाय. लेक नेमकी तिथेच बोट घालते.