ड्रोनसाठी मेमरी कार्ड: मांजरा खोऱ्यातील १० महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाला खोलीकरण, शेततळी, पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती ही कामे सुरू होण्यापूर्वी आणि पाऊस पडून गेल्यानंतर शिवार वरून कसे दिसते, याचे चित्रण करून ते ग्रामसभेत दाखवणे हे माझे काम आहे. लातूर जिल्ह्यातील मांजरा काठच्या गावांत मी हे काम डीजेआय मिनी २ या २४९ ग्रॅम वजनाच्या ड्रोनने करतो. या ड्रोनला स्वतःची अंतर्गत साठवण नाही, त्यामुळे जे काही चित्रित होते ते सगळे नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावर अवलंबून असते. मार्च २०२५ पासून जानेवारी २०२६ पर्यंत मी एकूण ५ कार्डे वापरली. त्यांपैकी एक बनावट निघाले, एक अस्सल असूनही या कामाला अपुरे ठरले आणि उरलेली ३ आजही वापरात आहेत.

सुरुवात बनावट कार्डापासून करतो, कारण त्याने केलेले नुकसान भरून निघण्यासारखे नव्हते. मार्चअखेर एका दुकानातून मी १२८ जीबीचे कार्ड घेतले. पाकीट नीट बंद होते, छपाई चांगली होती आणि भाव बाजारातल्या नेहमीच्या भावापेक्षा बराच कमी होता. तेव्हा त्या कमी भावाचा मला आनंदच झाला. गुढीपाडव्यानंतर मी ६ गावांतील कोरडे नाले चित्रित केले. प्रत्येक गावात एक बॅटरी, म्हणजे साधारण २० मिनिटांचे चित्रण. संध्याकाळी मोबाइलवर पाहिले तर सगळ्या चित्रफितींची नावे आणि छोटी चित्रे दिसत होती. कार्डावर जागा भरपूर शिल्लक असल्याने लॅपटॉपवर उतरवून घेण्याचे काम मी पुढे ढकलले. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. नाल्यांना पाणी आले आणि त्याच आठवड्यात मी ते कार्ड लॅपटॉपला लावले. पहिल्या २ गावांच्या चित्रफिती व्यवस्थित चालल्या. त्यानंतरच्या फायलींचा आकार बरोबर दिसत होता, पण त्यांतली एकही उघडेना.

तपासणी केल्यावर कळले की कार्डाची खरी क्षमता २९ जीबीच्या आसपास होती. अशा कार्डाच्या आतल्या नियंत्रक चिपमध्ये क्षमतेचा खोटा आकडा भरलेला असतो आणि ड्रोन किंवा लॅपटॉप त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. खरी जागा संपली की पुढची माहिती कुठेच लिहिली जात नाही, किंवा आधीच्या माहितीवरच लिहिली जाते. फाइलचे नाव आणि आकार यांची नोंद मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात होत राहते, म्हणून सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. चुकून पुसलेल्या फायली फोटोरेकसारख्या मोफत प्रणालीने पुष्कळदा परत मिळतात, पण जे लिहिलेच गेले नाही ते कोणतीही प्रणाली परत देऊ शकत नाही. ४ गावांचे पावसाआधीचे चित्रण गेले ते गेलेच. त्यातल्या एका गावाची कमी दर्जाची प्रत मोबाइलमध्ये सापडली, कारण उड्डाणाच्या वेळी पडद्यावर दिसणारे चित्र साठवून ठेवण्याची सोय ॲपमध्ये सुरू होती. बाकीच्या ३ गावांच्या प्रती मी मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी आधीच पुसल्या होत्या. पुढे त्यांतल्याच एका गावात भरलेला नाला दाखवत असताना एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "सर, आधी कसं होतं ते दाखवा की. नुसतं पाणीच दाखवायलाव." त्यांचे म्हणणे रास्त होते आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते.

तेव्हापासून नवे कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रणालीने तपासल्याशिवाय मी ड्रोनमध्ये घालत नाही. ही विंडोजवर चालते, लिनक्स आणि मॅकवर एफ३ नावाची तशीच सोय आहे. कार्ड पूर्ण भरेल इतकी माहिती ती त्यावर लिहिते आणि मग एकेक भाग वाचून लिहिलेलेच परत मिळते का, हे पाहते. माझ्या लॅपटॉपवर १२८ जीबीच्या कार्डाला साधारण दीड तास लागतो. गावाकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरल्यावरच मी ही तपासणी सुरू करतो. १२८ जीबीच्या अस्सल कार्डावर विंडोजमध्ये ११९ जीबीच्या आसपास जागा दिसते. हा फरक मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे पडतो, त्यात फसवणूक नाही.

दुसरे कार्ड ६४ जीबीचे आणि पूर्णपणे अस्सल होते, तरीही फोर-के या अतिस्पष्ट दर्जात चित्रण करताना ३-४ मिनिटांनी कार्डाचा वेग कमी असल्याची सूचना येऊन चित्रण मध्येच थांबायचे. पाकिटावर १०० एमबी (मेगाबाइट) प्रति सेकंद असे ठळक छापलेले होते. असे का होते हे समजून घ्यायला मला वेळ लागला, आणि कार्ड निवडणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी हीच बाब आहे, म्हणून ती जरा विस्ताराने लिहितो.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, म्हणजे कार्डावरून लॅपटॉपवर माहिती उतरवतानाचा. ड्रोनला हवा असतो लिहिण्याचा वेग, आणि तोही क्षणभराचा नव्हे, तर सलग टिकणारा. शेतकऱ्याला हे हौदाच्या उदाहरणाने चटकन समजते. मोटारीचे पाणी हौदात पडते आणि हौदातून पाटाने पुढे जाते. पाट अरुंद असेल तर हौद काही वेळ सांभाळून घेतो, पण भरला की काठावरून वाहू लागतो. ड्रोनमधली तात्पुरती स्मृती हा तो हौद आणि कार्डाचा लिहिण्याचा वेग हा पाट. मोटार किती पाणी फेकते तेही मोजता येते. मिनी २ फोर-के चित्रण जास्तीत जास्त १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने करतो. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागले की १२.५ मेगाबाइट प्रति सेकंद येतात. मिनी ३ प्रो, मिनी ४ प्रो किंवा एअर २एस यांचा कमाल दर १५० मेगाबिट आहे, म्हणजे जवळपास १९ मेगाबाइट प्रति सेकंद.

आता कार्डावरच्या बारीक खुणा पाहाव्यात. गोलातला १० म्हणजे किमान १० मेगाबाइट प्रति सेकंद लिहिण्याची हमी. इंग्रजी यू अक्षराच्या आत १ असेल तर हमी तेवढीच, ३ असेल तर ३० मेगाबाइटची. व्ही३० म्हणजेही ३०, व्ही६० म्हणजे ६० आणि व्ही९० म्हणजे ९०. माझे दुसरे कार्ड यू१ होते. त्याची हमी १० ची आणि गरज १२.५ ची. नवे आणि रिकामे असताना ते हमीपेक्षा जास्त वेगाने लिहीत होते, म्हणून पहिले काही दिवस निभावले. कार्ड भरत गेले आणि अडचण सुरू झाली. यात कार्डाचा दोष नाही. दिलेल्या हमीपेक्षा जास्त काम मी त्याच्याकडून मागत होतो. ते आता मोबाइलमध्ये उत्तम चालते.

एक गोष्ट विशेष जपून पाहावी. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या कार्डांत ६४ जीबीचे यू१ आणि १२८ जीबीचे यू३ असे असू शकते. नाव ओळखीचे आहे म्हणून पाकीट न पाहता घेऊ नये, खूण त्या विशिष्ट कार्डावरच वाचावी.

यू३ च्या पुढची खर्चिक पायरी माझ्या मते या ड्रोनसाठी वाया जाते. मिनी २ साठी यू३ प्रतीची यूएचएस-१ कार्डे पुरेशी आहेत (यूएचएस-१ आणि यूएचएस-२ म्हणजे कार्ड आणि उपकरण यांच्यात माहिती ने-आण करण्याचे मार्ग). व्ही६० आणि व्ही९० ची कार्डे साधारणपणे यूएचएस-२ प्रकारची असतात आणि त्यांच्या मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते. ज्या ड्रोनच्या खाचेत ती दुसरी ओळ जोडणारी व्यवस्था नाही, तिथे असे कार्ड यूएचएस-१ च्याच मार्गाने चालते. ए१ आणि ए२ या खुणा मोबाइलमध्ये ॲप चालवताना लागणाऱ्या छोट्या-छोट्या वाचन-लेखनासाठी आहेत. ड्रोन सलग लिहितो, त्याला त्यांचा उपयोग नाही. असल्या तरी बिघडत नाही, पण त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

जूनपासून मी सॅनडिस्क एक्स्ट्रीमची ६४ जीबीची २ कार्डे आणि सॅमसंगचे १२८ जीबीचे एक कार्ड वापरत आहे. तिन्हींवर यू३ आणि व्ही३० या खुणा आहेत आणि तिन्ही आधी तपासूनच वापरात घेतली. या काळात वेगाची सूचना एकदाही आली नाही. १०० मेगाबिटच्या दराने ६४ जीबीवर साधारण ८५ मिनिटांचे फोर-के चित्रण बसते. मिनी २ चे उड्डाण कागदोपत्री ३१ मिनिटांचे असले तरी आमच्याकडच्या वाऱ्यात मी २० ते २२ मिनिटांवर ड्रोन खाली घेतो, त्यामुळे ३ बॅटऱ्यांचे काम एका कार्डावर आरामात होते. यावरून माझे मत असे झाले आहे की एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. एक हरवले, वाकले किंवा ड्रोनसह नदीत गेले तर निम्मे काम तरी हाती राहते. १२८ चे कार्ड मी लांबच्या दौऱ्यासाठीच काढतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा आणि तेरणा नद्यांना पूर आला तेव्हा या निवडीची खरी कसोटी लागली. पावसात हा ड्रोन उडवता येत नाही. दिवसभरात अर्ध्या तासाची उघडीप मिळायची आणि तेवढ्यात पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचे चित्रण करून घ्यायचे असे. चित्रण झाल्याबरोबर शेतकरी फायली मागत, कारण पाणी ओसरल्यावर ते कुठपर्यंत होते हे दाखवणे अवघड जाते. इथे वाचण्याचा वेग प्रथमच कामाला आला. जुन्या यूएसबी २ च्या कार्ड रीडरवर ६४ जीबी उतरवायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागत होता, यूएसबी ३ चा रीडर घेतल्यावर तेच काम १२-१३ मिनिटांत होऊ लागले. पाकिटावरचे १७० किंवा २०० चे आकडे मात्र तेवढा वेग पेलणाऱ्या खास रीडरवरच मिळतात, कारण यूएचएस-१ ची प्रमाणित कमाल मर्यादा १०४ मेगाबाइट प्रति सेकंद आहे.

पुराच्या त्याच दिवसांत एकदा चित्रण चालू असतानाच ड्रोन उसात उतरला आणि आदळून बंद पडला. शेवटची फाइल लॅपटॉपवर उघडेना. चित्रण नीट थांबवले नाही तर फाइलच्या शेवटी लिहायची अनुक्रमणिका राहून जाते आणि आतले चित्र शाबूत असूनही फाइल चालत नाही. अशा वेळी कार्ड फॉरमॅट करू नये, म्हणजे पूर्ण पुसून नव्याने तयार करू नये, आणि त्यावर नवे काही लिहू नये. मी तेच कार्ड परत ड्रोनमध्ये घालून ड्रोन चालू केला आणि काही मिनिटे तसाच ठेवला, तेव्हा ड्रोनने ती फाइल स्वतःच दुरुस्त केली.

फॉरमॅट करण्याबद्दल माझा नियम ठरला आहे. फायली दोन ठिकाणी उतरवल्या, त्यांतल्या एक-दोन उघडून पाहिल्या, की कार्ड ड्रोनमध्ये घालून ॲपमधूनच फॉरमॅट करायचे. लॅपटॉपवर एकेक फाइल पुसत बसणे मी सोडले आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ आणि त्याहून मोठी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होतात, हे ड्रोन स्वतःच पाहून घेतो.

उन्हाबद्दलही लिहिले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि मिनी २ ची कार्यमर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस आहे. कार्डे स्वतः बहुधा ८५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे उन्हात आधी थकतो तो ड्रोन. तरीही दुपारी खाली उतरलेल्या ड्रोनमधून काढलेले कार्ड बोटाला चांगलेच चटके देते. म्हणून मी ड्रोन ५-१० मिनिटे सावलीत निवू देतो आणि मगच कार्ड काढतो.

कार्ड शेतात उभ्याने कधीही बदलू नये. मिनी २ ची खाच मागच्या बाजूला आहे, कार्ड नखाने आत दाबले की खटका सुटून ते बाहेर उसळते. एप्रिलमध्ये काळ्या रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. माझ्यासोबतच्या एका मुलाच्या हातून कार्ड असेच उसळले आणि भेगेच्या अगदी काठावर, ढेकळाला टेकून थांबले. तेव्हापासून गाडीच्या सीटवर पांढरा पंचा पसरून त्यावरच कार्ड बदलतो. भरलेले कार्ड डबीत उलटे ठेवतो आणि रिकामे सुलटे, म्हणजे घाईत गफलत होत नाही.

यंदा मार्चमध्ये त्या ३ गावांतील नाले आटले की त्यांचे कोरडे चित्रण पुन्हा घ्यायचे आहे. काम होण्यापूर्वीचे रूप आता मिळणार नाही, पण गाळ किती साचला आणि काठ कुठे ढासळला एवढे तरी त्यातून दिसेल. त्यासाठी ६४ जीबीचे आणखी एक यू३ कार्ड मागवले आहे. ते येईल त्या रात्री आधी तपासणीला लावीन आणि चित्रण झाल्यावर त्याच संध्याकाळी गावातच लॅपटॉपवर उतरवून घेईन.